दोन बोटांचा क्लच

बाटलीच्या बुचांवर मोटारसायकल चालते असं मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ठाण्याला माझ्या माहेरी फिरणाऱ्या वस्तू दोनच, वडिलांची सायकल आणि विहिरीवरचा रहाट. त्यातला रहाट जास्त चालायचा. लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि पाहते तर दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत माझ्या आधीपासून नांदणारी एक काळी, अवजड मोटारसायकल. सासूबाई तिला रणगाडा म्हणत. त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. महायुद्ध संपल्यावर कल्याणजवळच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा यांनी ती मोडक्या अवस्थेत घेतली होती. काळ्या रंगाचा पोपडा निघाला की आतून खाकी दिसायचा.

हे ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सासरे कोर्टात कारकून होते आणि मुलानं तिथंच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती, पण मुलाचं मन पहिल्यापासून तेलातुपात. तुपात कमी, तेलात जास्त. मोडकी गाडी यांनी सुट्टीच्या दिवसांत एकट्यानं उभी केली. कामाला आगगाडीनंच जायचे. मोटारसायकल फक्त रविवारची.

ती रविवारची गाडी मला किती प्रिय होती ते आज सांगते, तेव्हा कुणाजवळ बोलले नव्हते. दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंच्या देखत नवऱ्याशी बोलायचं ते कामापुरतं. मीठ आणा, पंचा वाळलाय, गिरणी बंद आहे. बाकी सगळं गाडीवर. टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं निमित्त काढायचं, मी मागे आडवी बसायची, पदर कमरेला खोचायचा, आणि डोंबिवलीतली घरं मागे पडली की आम्ही दोघं ओरडून बोलायला लागायचो. इंजिनाचा आवाजच एवढा की लाडीगोडीसुद्धा ओरडून करावी लागायची. एकदा आंबिवलीजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून यांनी इंजिन बंद केलं. मी मात्र त्याच चढ्या आवाजात एक वाक्य पुरं केलं, जे फाटकवाल्यानं ऐकायला नको होतं. हे पुढे महिनाभर ते वाक्य आठवून हसत.

लग्नाला चार वर्षं होत आली आणि तो अपघात झाला. पत्रा दाबायच्या यंत्रात यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. चूक आपलीच होती असं हे म्हणत, आणि तेवढंच म्हणत. दवाखान्यातून आल्यावर कारखान्यानं यांना फिटरच्या कामावरून काढून सामानाच्या कोठारात बसवलं. यांचं काम आता दुसऱ्या फिटरांना हत्यारं काढून द्यायचं. घरी आले की डावा हात खिशात किंवा पंचाखाली. मी सात महिने तो हात धड पाहिला नव्हता. जखम कधीच भरली होती, पण मलम लावायलासुद्धा मला हात लावू दिला नाही. रागावले असते, ओरडले असते, तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण हे नुसते गप्प झाले. गाडीवर गोणपाट पडलं आणि आमचं बोलणंही त्याच गोणपाटाखाली गेलं.

एके दिवशी सकाळी मी तांदूळ पाखडत होते. दाराच्या फटीतून पाहिलं तर यांनी गोणपाट बाजूला केलं होतं आणि गाडीशेजारी उभे होते. डावा हात खिशातून निघाला. हँडलवरची क्लचची लिव्हर उरलेल्या दोन बोटांत धरली, अनामिका आणि करंगळी, आणि दाबली. लिव्हर जेमतेम अर्धी आली. दात आवळून पुन्हा दाबली. पुन्हा अर्धीच. मग यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून. मी सूप घेऊन मागं सरले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "गाडी काढून टाकायची आहे."

सासूबाई म्हणाल्या, "सुटलो बाई." मी ताटातला भात बाजूला सारला. लोखंडाचं मला काय एवढं! पण ही गाडी पडवीतून गेली की माझा नवरा कायमचा त्या कोठारात जाऊन बसेल, हे मला उन्हासारखं स्वच्छ दिसत होतं. गाडी जाणं कसं थांबवावं ते मात्र काही केल्या सुचेना.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. ठाण्याच्या खाडीकडच्या गावातले एक ख्रिस्ती शेतकरी, वयानं यांच्यापेक्षा बरेच मोठे, भाजीचा मळा असलेले. बाजाराला आणि चर्चला, त्यांच्या भाषेत देवळाला, जायला त्यांना गाडी हवी होती. गाडी पाहून गेले, पसंत पडली. पंधरा दिवसांनी, रविवारची प्रार्थना आटपून न्यायला येतो म्हणाले. तेव्हा हे म्हणाले, "क्लच घसरतोय. तो बदलून देतो, मग न्या." त्या गृहस्थांनी "राहू द्या हो, मी बघीन" म्हटलं, पण यांनी ऐकलं नाही. खोटी वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची नाही, हा यांचा बाणा.

बाणा ठीक, पण क्लच बदलणार कोण? एका हातानं ते काम होत नाही. कारखान्यातले मित्र आनंदानं आले असते, पण त्यांना घरी बोलवायचं म्हणजे त्यांच्यासमोर नुसतं बसून राहायचं. ते यांना नको होतं. दोन दिवस हे पडवीत येरझारा घालत राहिले. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "मी करते. तुम्ही सांगा."

हे हसले. सात महिन्यांत पहिल्यांदा. अगदी खवचट हसू होतं, पण मी ते पदरात पाडून घेतलं.

"अगं, पुरणपोळी नाही ती."

"पुरणपोळी तुम्ही करून दाखवा, मग बोला."

अशी आमची सुरुवात झाली. कारखान्यातून आले, चहा झाला, की दिवेलागणीपर्यंत काम. हे पाटावर बसायचे, मी गोणपाटावर. माझ्या अंगावर सासूबाईंचं जुनं नऊवारी, कारण तेलाचे डाग पडले तरी वाईट वाटणार नव्हतं. म्हणजे मला वाटणार नव्हतं.

पहिल्या दिवशी डावीकडचा पाय ठेवायचा दांडा काढला, मग पत्र्याचं मोठं झाकण. त्यातून काळं तेल बाहेर आलं. मी पुढे परात धरली, तर आतून सासूबाईंचा आवाज आला, "कणकेची परात असेल तर बघ हं." कणकेचीच होती. लगेच बदलून घमेलं घेतलं. तेवढ्यात जे तेल सांडलं ते पुसायला माझी एक संध्याकाळ गेली.

झाकणाच्या आत एक जाड डबी दिसते, तोच क्लच. यांनी मला तो फार सोप्या शब्दांत सांगितला होता. इंजिन आणि चाक यांच्यामधली ही गाठ आहे. हँडलवरची लिव्हर दाबली की गाठ सुटते, सोडली की बसते. डबीत एकावर एक चकत्या असतात, पोळ्यांची चवड असावी तशा. एक साधी पोलादाची, एक बुचं बसवलेली. वरून पाच स्प्रिंगा त्या चकत्या दाबून धरतात आणि प्रत्येक स्प्रिंगेवर एक नट. त्या नटाला दोन्हीकडे खाच, म्हणून साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. यांनी मध्ये खाच पाडून एक खास घरगुती बनवला होता.

चार नट निघाले. पाचवा काही निघेना. मी जोर लावला, बांगडी फुटली, स्क्रूड्रायव्हर घसरून अंगठ्याला लागला. मला राग आला की मी हातातलं फेकते, ही माझी जुनी खोड. स्क्रूड्रायव्हर अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली जाऊन पडला. मी दुसरीकडे तोंड करून बसले. हे उठले, स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, पंचाला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"रागावून सुटत नाही तो," म्हणाले. "आधी जरा आवळायच्या बाजूला फिरव. तो सैल पडला की मग उलटा."

तसं केलं आणि नट सुटला. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत मी पुढे हीच युक्ती वापरली. आधी त्यांच्या म्हणण्याच्या बाजूला थोडं जायचं, मग आपल्या. फार उपयोग झाला.

चकत्या बाहेर आल्या. बुचं काळी पडलेली, झिजून पत्र्याच्या बरोबरीला आलेली. यांनी एक चकती उजव्या हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"बघ, पकडायला काही उरलंच नाही. म्हणून गाडी उभी राहायच्या आधी वर्षभर मी स्प्रिंगा आवळत होतो. सगळ्या टोकाला गेल्यात."

"आवळल्या की काय होतं?"

"पकड येते. पण लिव्हर जड होते."

हे एवढं बोलले आणि पुढचं सांगायला लागले. मी मात्र तिथंच अडकले. लिव्हर जड होती. अपघाताच्या आधीपासूनच. चारी बोटं धड असताना त्या हातानं वर्षभर हळूहळू जड होणारी लिव्हर दाबली होती, म्हणून त्याला कळलं नव्हतं. आणि मग दोन बोटांनी ती अर्धीच आली, तेव्हा यांनी सगळा दोष हाताच्या माथी मारला. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. यांच्या ते डोक्यातही नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या यंत्रातलं दुखणं ओळखणारा माणूस, पण स्वतःच्या हाताशी आला आणि त्याचं डोकं चालेनासं झालं. मी तेव्हा बोलले असते तर "मला समजावू नकोस" म्हणून हे उठून गेले असते. म्हणून मी जीभ दाबून धरली. माझ्या स्वभावाला ते पाचव्या नटापेक्षा अवघड गेलं.

नवी बुचं मुंबईला तयार मिळतात म्हणे. पण तिथपर्यंत जाणार कोण? कल्याणला एका डॉक्टरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर माझ्या माहेरच्या ओळखीचा होता. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना लावायची कोरी बुचं मी त्याच्याकडून पिशवीभर आणली. कशाला हवीत म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणाले, "मोटारसायकलला." त्यानं पुढे काही विचारलं नाही, पण मी जाईपर्यंत माझ्याकडे काळजीनं बघत होता.

बुचं ब्लेडनं सारखी कापायची, पाण्यात उकळायची म्हणजे मऊ पडतात, आणि चकतीच्या भोकांत अंगठ्यानं दाबून बसवायची. हे सगळं यांनी सांगितलं होतं. कापणं आणि दाबणं मी दुपारी, हे कामावर असताना उरकलं. चहाचं पातेलं उकळायला घेतलं, पण ते सासूबाईंना कळू दिलं नाही. चकत्या तयार झाल्या. ओल्या होत्या. दिवस उन्हाळ्याचे. अंगणात सासूबाईंचे उडदाचे पापड खाटेवर वाळत पडले होते. ओली वस्तू दिसली की ती उन्हात घालायची, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. मी पापडांच्या शेजारी चकत्या मांडल्या, वर फडकं टाकलं, कावळ्यांवर लक्ष ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

संध्याकाळी हे आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात एक चकती उचलून यांच्यापुढे धरली. उभी धरायचा अवकाश, बुचं टपाटप खाली पडली. दुसरी उचलली, तीही तशीच. सगळी बुचं पापडांत.

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, दात पडले की गं तुझ्या रणगाड्याचे!" आणि हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग यांना हसू फुटलं. मी आधी रडवेली झाले, मग मीही हसले. तिघं जण खाटेभोवती उभे राहून पापडांतून बुचं वेचत होतो आणि कुणाला थांबता येत नव्हतं.

"अगं, वाळल्यावर ती आकसतात," हे डोळे पुसत म्हणाले. "ओली दाबायची आणि लगेच तेलात बुडवायची."

"मग सांगायचं नाही?"

"आता हे काय सांगायचं? लोणचं तेलाखाली ठेवावं, हे तुला कुणी सांगतं का?"

दुसऱ्या खेपेला बुचं नीट बसली. तेलात मुरली. मग मोरीपुढच्या शहाबादी फरशीवर पॉलिशपेपर ठेवून मी प्रत्येक चकती गोल गोल घासली, सगळी बुचं एका उंचीची होईपर्यंत. हे डोळा बारीक करून, चकती आडवी धरून बघायचे आणि म्हणायचे, "इथं अजून एक केस." केसभराचा तो फरक मला आधी दिसायचा नाही, नंतर दिसायला लागला. त्या दिवसांत हे बोलत होते. कामापुरतंच, पण बोलत होते. मला सांगताना कधी कधी डावा हात आपोआप पंचाखालून बाहेर यायचा, हवेत काहीतरी पकडायचा, आणि लक्षात आलं की परत आत जायचा. मी बघितलं नाही असं दाखवायची. मला वाटायचं, तो हात धरावा आणि सोडूच नये.

शुक्रवारी सगळ्या चकत्या डबीत परत बसवल्या. उरले फक्त पाच नट. शनिवारी सकाळी निघताना हे म्हणाले, "पाचही टोकापर्यंत आवळून ठेव. उद्या ते यायचे आहेत. घसरला असं म्हणायला जागा नको."

"बरं," मी म्हणाले.

हे गेल्यावर मी पाचही नट टोकापर्यंत आवळले. सांगितल्याप्रमाणे. मग उभी राहून लिव्हर दाबली. चारही बोटांनी, तरी कोपरापर्यंत कळ आली. मग मी आत गेले, जुन्या पातळाची एक पट्टी फाडली आणि डाव्या हाताची पहिली दोन बोटं मिटून तळहाताशी बांधून टाकली. दातांनी गाठ मारली. उरली अनामिका आणि करंगळी. त्यांनी लिव्हर दाबून पाहिली. हलेना.

नट एक एक फेरा सैल केले. पुन्हा दाबली. थोडी हलली. आणखी एक फेरा. बुचं आता नवी होती, त्यांना पकडायला एवढा जोर लागणार नाही असा माझा हिशोब होता. पण हिशोब माझा, पुरणपोळीवालीचा. तो बरोबर की चूक हे गाडी रस्त्यावर गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

"भाजलीस की काय?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

"नाही."

त्यांनी माझ्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं. कुठली दोन बांधली आहेत ते पाहिलं. मग लिव्हरकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. गाडी जावी म्हणून त्या दिवस मोजत होत्या. त्या पडवीत उतरल्या, बांगड्या मागं सारल्या आणि म्हणाल्या, "सरक." आपली पहिली दोन बोटं उजव्या हातानं मागं धरून उरलेल्या दोहोंनी त्यांनी लिव्हर दाबली.

"अजून जड आहे त्याला," म्हणाल्या. "पंचासुद्धा पिळायला माझ्याकडे देतो तो. तू नसतेस तेव्हा."

मला हे माहीत नव्हतं. मी खाली बसून पाचही नट आणखी एकेक फेरा सोडले. त्यांनी पुन्हा दाबली. लिव्हर हँडलपर्यंत आली.

"आता येईल," त्या म्हणाल्या. मग लिव्हर सोडून, "मध्येच घसरून पडायचा नाही ना गं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

त्यांनी माझ्या बोटांची गाठ सोडवली, पट्टीची घडी करून कमरेला खोचली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही हं." मी झाकण बंद केलं. दुपारी हे आले, नट आवळले का विचारलं. "सगळे," मी म्हणाले. लिव्हरला यांनी हात लावला नाही. लावणार नाहीत, याची मला खात्री होती.

रविवारी ते गृहस्थ आले. पांढरा शुभ्र सदरा, हातात टोपी. चहा घेतला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मला त्या भल्या माणसाकडे बघवत नव्हतं. हे म्हणाले, "क्लच नवा आहे. तुम्हीच चालवून बघा."

"तसं नाय," ते म्हणाले. "आमच्यात बैल घेताना पयला धनी हाकून दाखवतो. मग आम्ही हात लावतो. तुम्ही एक फेरी मारा, मी बघतो."

हे हललेच नाहीत. डावा हात खिशात होता. मी दाराची चौकट धरून उभी होते. सासूबाई माझ्या मागे. मग यांनी खिशातून हात बाहेर काढला. त्या गृहस्थांना तो हात दिसला आणि ते बिचारे एकदम कानकोंडे झाले. "राहू द्या, राहू द्या," म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, बाबा. राहू द्या."

ते 'राहू द्या' यांना झोंबलं असावं. यांनी गाडी खाली घेतली, किक मारली. सात महिने झोपलेलं इंजिन खोकत खोकत जागं झालं. यांनी डावा हात लिव्हरवर ठेवला, मान खाली घातली आणि दोन बोटांनी, सगळा जीव लावून, दाबली.

लिव्हर सरळ आत आली. एवढा जोर लावला होता की हे स्वतःच जरा पुढे झुकले. लिव्हर सोडली. पुन्हा दाबली. आणखी एकदा. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी शेवग्याच्या शेंगा मोजू लागले. पुढच्या क्षणी गाडी फाटकाबाहेर होती.

एक फेरी म्हणजे किती? नाक्यापर्यंत जाऊन परत. तेवढा वेळ झाला, हे आले नाहीत. मी दुसरा चहा टाकला. तोही पिऊन झाला, तरी नाहीत. सासूबाई फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते लिहीत नाही. नट मी सोडले होते. विचारल्याशिवाय, चोरून, दोन बोटांच्या अंदाजानं. यांना काही झालं तर त्याला माझ्याशिवाय दुसरं कुणी जबाबदार नव्हतं. ते गृहस्थ मात्र शांत बसले होते. मध्ये एकदा म्हणाले, "बाय, घाबरू नको. गाडी चांगली हाय म्हणून लांब गेला तो." आणि मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "आता ती मला काय मिळत नाय."

आवाज आधी सासूबाईंना ऐकू आला. गाडी आली. यांचे केस धुळीनं पांढरे झाले होते, डोळे लाल होते. इंजिन बंद केलं, गाडी स्टँडला लावली आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "मानपाड्याच्या पुढं गेलो होतो. चढावर घसरतोय. अर्धा-अर्धा फेरा आवळायला हवा."

"हाताला जड जाईल," मी म्हणाले.

बोलून गेले आणि जीभ चावली. हे वळले. माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. सासूबाईंनी नजर चुकवली, त्यावरूनच सगळं कळलं असणार. यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता हे पुन्हा गप्प होणार, या खेपेला माझ्यावर.

ते गृहस्थ उठले. टोपी डोक्यावर घातली, यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाय विकायची तर सरळ सांगायचं ना बाबा," म्हणाले आणि हसत फाटकाबाहेर पडले. हे त्यांना पोचवायला नाक्यापर्यंत गेले. काय बोलले ते मी कधी विचारलं नाही. परत आले ते तसेच पडवीत आले, खाच पाडलेला स्क्रूड्रायव्हर कोनाड्यातून काढला आणि माझ्यापुढे धरला. डाव्या हातात.

"तू आवळ. मी दाबून बघतो."

मी झाकण काढलं. आतलं तेल अजून गरम होतं. पहिला नट अर्धा फेरा फिरवला. "जमतंय?" यांनी लिव्हर दाबली. "जमतंय." दुसरा नट. "जमतंय?" "जमतंय." तिसरा, चौथा. तो हात माझ्या डोळ्यांसमोर उघडा होता, मिटत होता, उघडत होता, आणि मला पाचव्या नटाची खाच दिसेना. मी स्क्रूड्रायव्हर तसाच धरून बसले. पदर तेलानं भरलेला, डोळे पुसायला काही नव्हतं.

हे माझ्याशेजारी खाली बसले. तो हात माझ्या हातावर ठेवला, स्क्रूड्रायव्हरसकट, आणि विचारलं, "तुला जमतंय ना?"